ई-मेलची शोधसूची : ती का बिघडते आणि पुन्हा कशी बांधावी

एखाद्या मोठ्या ग्रंथालयातील सूचिपत्रांचे सर्व खण एका रात्रीत रिकामे झाले, अशी कल्पना करावी. दुसऱ्या दिवशी ग्रंथालय उघडते तेव्हा एकही ग्रंथ नाहीसा झालेला नसतो. कपाटे जागच्या जागी असतात आणि ग्रंथही आपापल्या फळीवर असतात. परंतु दाराशी येऊन एखादा ग्रंथ मागणाऱ्या वाचकास मात्र तो मिळत नाही. ग्रंथपालाने रिकाम्या खणात पाहून ‘हा ग्रंथ आमच्याकडे नाही’ असे उत्तर दिले, तर ते उत्तर असत्य असते. आणि त्याच्या असत्यतेची जाणीव उत्तर देणाऱ्यासही नसते व ऐकणाऱ्यासही नसते.

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे प्रवर्तक डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या पाच सूत्रांपैकी चौथ्या सूत्रात वाचकाचा वेळ वाचवावा असे सांगितले आहे. सूचीचे प्रयोजन हेच होय. पण जी सूची वेळ वाचविते तीच कालांतराने आपल्या विश्वासाचेही स्थान होऊन बसते. सूचीत आहे ते आहे आणि सूचीत नाही ते नाही, अशी आपली समजूत होते. या समजुतीतील उत्तरार्ध किती धोक्याचा आहे, हे ई-मेलच्या उदाहरणावरून चांगले समजून घेता येते.

आज शासकीय कचेऱ्या, विद्यापीठे, बँका आणि रुग्णालये यांचा बराचसा पत्रव्यवहार ई-मेलने चालतो. ही पत्रे ज्या संगणकावर साठविलेली असतात त्यास ई-मेल सर्व्हर म्हणतात. सर्व्हरवरील सॉफ्टवेअर काही वर्षांनी बदलून त्याची नवी आवृत्ती बसवावी लागते. या बदलास अपग्रेड असे नाव आहे. अपग्रेड झाल्यावर पत्रे नेहमीप्रमाणे येतात, जातात, उघडतात. सारे काही ठीक आहे अशी सर्वांची खात्री होते. मग एके दिवशी कोणीतरी जुने पत्र शोधू लागतो, आणि यंत्र उत्तर देते की, असे पत्र नाही.

समजा, एका निवृत्त शिक्षिकेने अर्ज करून आपले निवृत्तिवेतनाचे प्रकरण वरिष्ठ कार्यालयाकडे कोणत्या पत्राने पाठविले, त्या पत्राची प्रत मागितली. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ याने ‘माहिती’च्या व्याख्येत ई-मेलचा स्पष्ट समावेश केलेला आहे, आणि अर्जाचे उत्तर सामान्यतः ३० दिवसांच्या आत द्यावयाचे असते. लिपिकाने ई-मेलच्या शोधपट्टीत ‘वेतन’ हा शब्द घातला. एकही पत्र आले नाही. त्याने प्रामाणिकपणे लिहिले : ‘अभिलेख उपलब्ध नाही.’ पत्र मात्र त्याच सर्व्हरच्या चकतीवर सुरक्षित पडून होते. हे कसे घडते आणि ते कसे ओळखावे, हे या पुस्तिकेत पाहावयाचे आहे.

पत्र आणि सूची

सर्व्हरवर प्रत्येक पत्र मूळ स्वरूपात साठविलेले असते. प्रत्येक पेटीतील प्रत्येक पत्रास एक क्रमांक दिलेला असतो, आणि पेटी तीच आहे तोवर तो क्रमांक पुन्हा दुसऱ्या पत्रास दिला जात नाही. पत्रे सर्व्हरवरच ठेवून ती दुरून वाचण्याची व शोधण्याची जी सर्वमान्य पद्धती आहे तिला आयमॅप म्हणतात. मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात ती आखली. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या नियमावलीत शोधाची व्याख्या साधी आहे : दिलेली अक्षरे पत्राच्या मजकुरात कोठेही, शब्दाच्या मध्यभागीदेखील, आढळली तर ते पत्र सापडले असे समजावे.

सूची नसली तरी असा शोध घेता येतो. सर्व्हर पहिल्यापासून शेवटपर्यंत प्रत्येक पत्र उघडून वाचतो. ही रीत बिनचूक, पण अत्यंत मंद. एखाद्या पेटीत ४०,००० पत्रे असतील आणि प्रत्येक पत्र सरासरी ५० किलोबाइटचे असेल, तर एका शब्दासाठी सुमारे २ गिगाबाइट मजकूर वाचावा लागतो. दुसरा शब्द शोधावयाचा झाल्यास पुन्हा तितकाच.

म्हणून सर्व्हर एकदाच सगळी पत्रे वाचून त्यांतील शब्दांची एक वही तयार करतो. पुस्तकाच्या शेवटी जशी शब्दसूची असते तशीच ही वही असते. समजा, तीन पत्रे आहेत. पहिल्यात ‘निवृत्तिवेतन मंजूर झाले’, दुसऱ्यात ‘रस्त्याचे काम मंजूर’ आणि तिसऱ्यात ‘निवृत्तिवेतन प्रकरण प्रलंबित’ असा मजकूर आहे. मग वहीत ‘निवृत्तिवेतन’ या शब्दापुढे १ व ३, ‘मंजूर’ या शब्दापुढे १ व २ असे आकडे पडतात. ‘निवृत्तिवेतन’ आणि ‘मंजूर’ हे दोन्ही शब्द असलेले पत्र पाहिजे असेल, तर दोन्ही ओळींत समान असलेला आकडा, म्हणजे १, एवढेच उत्तर शोधावे लागते. पत्रे हजारो असली तरी हे काम निमिषार्धात होते. तंत्रज्ञ या वहीस इंडेक्स म्हणतात. आपण तिला शोधसूची म्हणू.

येथे एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवली पाहिजे. पत्र हे मूळ द्रव्य आहे. शोधसूची ही त्यापासून काढलेली दुय्यम वस्तू आहे. सूची संपूर्ण नष्ट झाली तरी पत्रांवरून ती पुन्हा तयार करता येते. पत्रे नष्ट झाली तर मात्र सूचीवरून ती परत मिळत नाहीत. दुरुस्तीचे सर्व धैर्य या पहिल्या वाक्यातून येते, आणि सर्व सावधगिरी दुसऱ्या वाक्यातून.

अपग्रेडमध्ये नेमके काय तुटते

हा प्रश्न एका प्रत्यक्ष उदाहरणावरून पाहू. डव्हकॉट हे जगभर वापरले जाणारे, मुक्त स्वरूपाचे ई-मेल सर्व्हर सॉफ्टवेअर आहे. फिनलंडमधील तिमो सिराइनेन यांनी त्याची पहिली आवृत्ती २००२ साली प्रसिद्ध केली. डव्हकॉट या इंग्रजी शब्दाचा अर्थ कबुतरांची ढाबळ असा आहे. पत्रवाहक कबुतरांचे स्मरण करून देणारे हे नाव आहे. या सॉफ्टवेअरची २.४ ही आवृत्ती जानेवारी २०२५ मध्ये आली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेबियन १३ या संगणकप्रणालीत तीच अंतर्भूत केली गेली. त्यामुळे ज्यांनी केवळ प्रणाली बदलली त्यांच्याकडेही ई-मेल सर्व्हर आपोआप २.३ वरून २.४ वर गेला. या एका संक्रमणात शोधाच्या साखळीतील बहुतेक सर्व कड्या तपासल्या जातात.

पहिली कडी म्हणजे सर्व्हरला दिलेल्या सूचनांची फाइल. २.४ मध्ये ती लिहिण्याची पद्धतीच बदलली. फाइल कोणत्या आवृत्तीच्या नियमांनी लिहिली आहे हे आता अगदी आरंभीच सांगावे लागते, आणि जुनी फाइल तशीच ठेवल्यास सर्व्हर चालूच होत नाही. सकाळी कचेरी उघडण्यापूर्वी पत्रव्यवहार सुरू व्हावा या घाईत तंत्रज्ञ जो भाग अडतो तो तात्पुरता काढून टाकतो. शोधाविषयीचा मजकूर अशा वेळी प्रथम बळी पडतो. कारण तो नसला तरी पत्रे येतात-जातात.

दुसरी कडी म्हणजे सूची बांधणारा जोडभाग, ज्यास प्लगइन म्हणतात. २.३ मध्ये स्क्वॅट आणि ल्यूसीन या नावांचे दोन जुने जोडभाग होते, २.४ मधून ते काढून टाकण्यात आले. त्यांच्या जागी झेपियन या शोधग्रंथालयावर आधारलेला फ्लॅटकर्व्ह हा जोडभाग मूळ संचात आला. सोलर या स्वतंत्र शोधसर्व्हरशी जोडणी करण्याची सोय पूर्वीप्रमाणेच राहिली. बाहेरून आणून बसविलेला जोडभाग असेल तर तो नव्या आवृत्तीसाठी नव्याने तयार केलेला असावा लागतो. जुना जोडभाग नवा सर्व्हर स्वीकारीत नाही.

तिसरी कडी म्हणजे सूचीच्या लिखाणाची घडण. एका आवृत्तीने लिहिलेली वही दुसऱ्या आवृत्तीला वाचता येईलच असे नाही. सोलर ज्या ल्यूसीन ग्रंथालयावर उभा आहे त्याच्या सातव्या आवृत्तीत तयार झालेली सूची नवव्या आवृत्तीत उघडत नाही. मध्ये आठव्या आवृत्तीतून ती नेली तरीही नाही. कारण सूची प्रथम कोणत्या आवृत्तीत जन्मली याची नोंद तिच्यातच असते. अशा वेळी भाषांतराचा मार्ग नसतो. वही पुन्हा लिहावी लागते.

चौथी कडी सर्वांत फसवी आहे. सूची कोठपर्यंत लिहून झाली हे लक्षात ठेवण्यासाठी सर्व्हर शेवटच्या नोंदलेल्या पत्राचा क्रमांक राखून ठेवतो. वाचता वाचता पुस्तकात ठेवलेल्या खुणेच्या दोऱ्यासारखी ही खूण असते. ही खूण अनेकदा सूचीत नसून पेटीच्या स्वतःच्या नोंदीत असते. आता समजा, तंत्रज्ञाने जुनी, निरुपयोगी सूची पुसून टाकली, पण खूण तशीच राहिली. सर्व्हर खूण पाहतो आणि ४०,००० पत्रांपर्यंतचे काम झाले आहे असे समजून ४०,००१ व्या पत्रापासून नोंद करू लागतो. वही कोरी आहे हे त्यास ठाऊकच नसते.

पाचवी कडी म्हणजे शब्द कसे तोडावे याचे नियम. तिचा मराठी वाचकाशी निकटचा संबंध असल्यामुळे तिचा विचार पुढे स्वतंत्रपणे केला आहे.

लक्षणांवरून निदान

वैद्य ज्याप्रमाणे औषध देण्यापूर्वी नाडी पाहतो त्याप्रमाणे येथेही प्रथम परीक्षा केली पाहिजे. सूची सरसकट पुसून टाकणे हा पहिला उपाय नव्हे. कारण मूळ दोष फाइलमध्ये असेल तर नवी सूची बांधलीच जाणार नाही.

परीक्षेची रीत सोपी आहे. जे पत्र डोळ्यांसमोर उघडे आहे, म्हणजे ज्याच्या अस्तित्वाविषयी शंका नाही, असे एक जुने पत्र निवडावे. त्यातील एखादा विरळ शब्द किंवा जावक क्रमांक घेऊन तो शोधावा. तीच कृती अपग्रेडनंतर आलेल्या एका पत्राबाबतही करावी. मात्र त्यापूर्वी एक गोष्ट पाहावी. काही ई-मेल कार्यक्रम सर्व्हरला न विचारता आपल्याच संगणकावरील प्रतीत शोध घेतात. म्हणून ही परीक्षा ब्राउझरमधून उघडलेल्या वेबमेलवर करावी, आणि शक्य असल्यास तंत्रज्ञाने प्रत्यक्ष सर्व्हरवरही करावी. सर्व्हरवर शब्द सापडतो आणि टेबलावरच्या संगणकात सापडत नाही असे झाल्यास दोष सर्व्हरचा नाही.

परीक्षेतून जी उत्तरे मिळतात त्यांचा अर्थ पुढीलप्रमाणे लावता येतो.

१. नवे पत्र सापडते, जुने सापडत नाही. हे चौथ्या कडीचे लक्षण होय. वही कोरी झाली, पण खूण पुढेच राहिली.

२. जुने पत्र सापडते, नवे सापडत नाही. सूची वाचता येत आहे, पण तिच्यात भर पडत नाही. सूची लिहिणारी प्रक्रिया थांबली असावी. तिला दिलेली स्मृतीची मर्यादा अपुरी पडणे, चकतीवरील जागा संपणे किंवा सूचीच्या फोल्डरवर लिहिण्याची अनुमती नसणे, ही याची नेहमीची कारणे आहेत.

३. दोन्ही सापडतात, पण फार उशिराने. आणि शब्दाच्या मधली अक्षरे दिली तरी सापडतात. जोडभाग चालूच नाही. सर्व्हर प्रत्येक पत्र उघडून वाचत आहे. उत्तर खरे आहे, पण मोठ्या पेटीत वेबमेल तेवढा वेळ थांबत नाही आणि वापरणाऱ्यास केवळ चूक झाल्याचा संदेश दिसतो.

४. एकही सापडत नाही आणि लगेच चुकीचा संदेश येतो. सर्व्हर व सूची यांचा संबंधच तुटला आहे. फाइलमधील सूचना किंवा सूचीची घडण तपासावी.

५. पत्रातील मजकूर सापडतो, पण सोबत जोडलेल्या दस्तऐवजातील मजकूर सापडत नाही. जोडपत्रांतून अक्षरे काढून देणारे जे वेगळे साधन असते ते अपग्रेडनंतर जोडलेले राहिले नाही.

६. उत्तरात भलतीच पत्रे येतात. पत्रे एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलविताना त्यांचे क्रमांक बदलले असावेत. जुन्या सूचीतील आकडे आता दुसऱ्याच पत्रांकडे बोट दाखवीत आहेत.

७. इंग्रजी शब्द सापडतात, मराठी किंवा हिंदी सापडत नाहीत. हा पाचव्या कडीचा दोष आहे.

याशिवाय सर्व्हरची जी रोजनिशी असते, म्हणजे लॉग, ती वाचावी. शोध घेतल्याच्या नेमक्या वेळी रोजनिशीत कोणती ओळ पडली हे पाहिल्यास अनुमानाचे बरेच श्रम वाचतात.

देवनागरीचा विशेष प्रश्न

सूची बांधताना सर्व्हरला मजकुराचे शब्द पाडावे लागतात. इंग्रजीत अक्षरे एकामागून एक येतात आणि मध्ये रिकामी जागा सोडली जाते. देवनागरीत मात्र काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि हलन्तचिन्ह ही संगणकाच्या दृष्टीने अक्षराला जोडून येणारी स्वतंत्र चिन्हे आहेत. ‘केवळ मूळ अक्षरेच शब्दाचे घटक होत’ असा ढोबळ नियम ज्या साधनात असतो ते ‘निवेदन’ या शब्दाचे वेलांटी व मात्रेपाशी तुकडे करते. युनिकोडच्या शब्दसीमाविषयक नियमांप्रमाणे चालणारे साधन असे करीत नाही. म्हणून अपग्रेडनंतर शब्द तोडण्याची कोणती रीत लागू झाली हे मुद्दाम पाहावे.

दुसरा प्रश्न एकाच शब्दाच्या दोन लेखनांचा आहे. ‘अधिकाऱ्यांचे’ या शब्दातील अर्धा र संगणकात दोन प्रकारे लिहिता येतो : नुक्ता असलेला ऱ आणि त्यापुढे हलन्तचिन्ह, किंवा साधा र, हलन्तचिन्ह आणि त्यानंतर एक अदृश्य जोडचिन्ह. कागदावर आणि पडद्यावर ‘अधिकाऱ्यांचे’ आणि ‘अधिकार्‍यांचे’ हे शब्द सारखेच दिसतात. यंत्राच्या दृष्टीने ते भिन्न आहेत. युनिकोडचे सामान्य एकरूपीकरणदेखील या दोहोंना एक करीत नाही. त्यात पुन्हा नव्या आवृत्तीत अदृश्य चिन्हे गाळण्याचा नियम असेल आणि जुन्या सूचीत ती तशीच राहिली असतील, तर शोधणाऱ्याचा शब्द आणि सूचीतील शब्द यांची गाठ कधीच पडत नाही. हिंदी पत्रांतील नुक्त्याच्या अक्षरांबाबतही असेच घडते. ‘क़’ हे अक्षर एका संकेताने लिहिता येते आणि ‘क’ व नुक्ता अशा दोन संकेतांनीही लिहिता येते.

यातून एक सर्वसामान्य नियम निघतो. सूची लिहिताना शब्दांना जे संस्कार केले असतील तेच संस्कार शोधाच्या वेळी विचारलेल्या शब्दांवर झाले पाहिजेत. संस्कारांचे नियम बदलले की जुनी सूची, ती वाचता येत असली तरी, निरुपयोगी होते.

तिसरा प्रश्न दोषाचा नसून बदललेल्या रीतीचा आहे. जुना स्क्वॅट जोडभाग शब्दातील कोणत्याही भागाचा शोध घेण्यासाठी रचलेला होता. फ्लॅटकर्व्ह मात्र मुद्दाम तशी सूचना दिली नाही तर शब्दाच्या आरंभापासूनच जुळणी करतो. मधल्या अक्षरांचीही नोंद ठेवावयाची झाल्यास सूची बरीच मोठी होते. आता आपल्या लिपिकाकडे पुन्हा पाहू. त्याने ‘वेतन’ हा शब्द शोधला. पूर्वी या शोधात ‘निवृत्तिवेतन’ असलेली पत्रेही येत असत. नव्या रीतीत ती येणार नाहीत, कारण ‘निवृत्तिवेतन’ या शब्दाचा आरंभ ‘वेतन’ने होत नाही. सामासिक शब्दांनी भरलेल्या आपल्या कार्यालयीन भाषेत हा बदल लहान नव्हे. त्याने ‘निवृत्ति’ एवढीच अक्षरे दिली असती तर ‘निवृत्तिवेतन’, ‘निवृत्तिवेतनाचे’, ‘निवृत्तिवेतनधारक’ हे सारे शब्द सापडले असते. तथापि पत्र लिहिणाऱ्याने ‘निवृत्ती’ असे दीर्घ लिहिले असेल तर तेही हुकले असते. म्हणून ‘निवृत्त’ एवढ्यावरच थांबणे अधिक शहाणपणाचे.

मराठीत विभक्तीचा प्रत्यय लागताना शब्दाचे रूपही बदलते. ‘रस्ता’ हा शब्द दिल्यास ‘रस्त्याचे’ सापडत नाही. ‘रस्त’ दिल्यास दोन्ही सापडतात. शब्दाचा न बदलणारा आरंभ तेवढा द्यावा, ही सवय प्रत्येक लिपिकास लावून देण्यासारखी आहे.

सूचीची पुनर्रचना

निदान झाल्यावर उपायांचा क्रम ठरलेला आहे. तो मोडू नये.

प्रथम पत्रांची सुरक्षित प्रत आहे याची खात्री करावी. सूचीचे फोल्डर आणि पत्रांचे फोल्डर कोठे आहे हे कागदावर लिहून घ्यावे. काही सर्व्हरांवर ही दोन्ही शेजारी शेजारी असतात, आणि सूची समजून पत्रांवरच हात पडण्याचा प्रसंग येऊ शकतो. या सर्व कामात न भरून येणारी हानी होण्याचे स्थळ हेच एक आहे.

दुसरे, फाइलमधील शोधविषयक सूचना नव्या आवृत्तीच्या नियमांप्रमाणे लिहून सर्व्हर पुन्हा सुरू करावा, आणि जोडभाग खरोखर चालू झाला आहे हे रोजनिशीत पाहावे. शब्द तोडण्याचे व एकरूप करण्याचे नियम याच वेळी ठरवावेत. सूची बांधून झाल्यावर ते बदलले तर सारे काम पुन्हा करावे लागते.

तिसरे, एकाच लहान पेटीवर प्रयोग करावा. डव्हकॉटमध्ये डव्हअॅडम नावाचे व्यवस्थापकाचे साधन आहे. त्याच्या रीस्कॅन या आज्ञेने सूचीत काय आहे आणि पेटीत काय आहे यांची तुलना होते. पेटीत नसलेल्या पत्रांच्या नोंदी काढल्या जातात, आणि सूचीत नसलेली पत्रे पुढील वेळी नोंदली जातील अशी व्यवस्था होते. पुढे राहिलेली खूण मागे आणण्याचा हाच मार्ग. मात्र रीस्कॅनने सूची बांधली जात नाही. त्यानंतर इंडेक्स ही आज्ञा द्यावी लागते. पुष्कळ जण पहिलीच आज्ञा देऊन थांबतात आणि काही उपयोग झाला नाही असे समजतात.

चौथे, प्रयोगाच्या पेटीवर वर सांगितलेली परीक्षा पुन्हा करावी : जुने पत्र, नवे पत्र, मराठी शब्द, सामासिक शब्द, ‘ऱ्य’ असलेला शब्द आणि जोडपत्रातील शब्द. सर्व उत्तरे समाधानकारक आल्यावरच इतर पेट्यांकडे वळावे.

पाचवे, उरलेल्या पेट्यांचे काम रात्री किंवा सुटीच्या दिवशी, थोड्या थोड्या पेट्या घेऊन करावे. सूची बांधणे म्हणजे प्रत्येक पत्र एकदा संपूर्ण वाचणे होय. ते सर्व पेट्यांवर एकाच वेळी सुरू केले तर सर्व्हर रोजच्या पत्रव्यवहारासही पुरा पडत नाही. नव्या सूचीस लागणारी जागा आधी मोजून घ्यावी. काम कोठपर्यंत आले याची नोंद ठेवावी, आणि त्या नोंदीची माहिती तंत्रज्ञाने स्वतःपाशीच न ठेवता कार्यालयातील सर्वांस द्यावी.

‘सापडले नाही’ आणि ‘नाही’

ही शेवटची सूचना शिष्टाचाराची वाटेल, परंतु व्यवहारात तीच सर्वांत महत्त्वाची आहे. सूची बांधली जात असताना शोधाचे उत्तर अपुरे असते, आणि अपुरेपणाचे कोणतेही चिन्ह पडद्यावर दिसत नाही. आलेली दहा पत्रे हीच सर्व पत्रे आहेत असे वाटते. एकही न आल्यास पत्र नाही असे वाटते. म्हणून सूची पूर्ण होईपर्यंत कोणत्याही कार्यालयाने केवळ शोधपट्टीच्या आधारे ‘अभिलेख उपलब्ध नाही’ असे लेखी उत्तर देऊ नये. तारीख ठाऊक असेल तर त्या महिन्याची पत्रे क्रमाने डोळ्यांखालून घालावीत. पाठविणाऱ्याचे नाव, जावक नोंदवही, दुसऱ्या कार्यालयात गेलेली प्रत, असे इतर मार्गही असतात. ई-मेल येण्यापूर्वी फाइली याच मार्गांनी सापडत असत, आणि ते आजही बंद झालेले नाहीत.

तंत्रज्ञाचे कर्तव्यही तितकेच स्पष्ट आहे. अपग्रेड यशस्वी झाला की नाही हे ठरविताना पत्रे येतात आणि जातात एवढेच पाहून भागत नाही. शोधाची परीक्षा हा अपग्रेडचाच एक भाग मानला पाहिजे. अपग्रेडपूर्वी दहा ठरावीक शब्द शोधून प्रत्येकास किती पत्रे सापडली हे लिहून ठेवावे आणि नंतर तेच शब्द पुन्हा शोधून आकडे ताडून पाहावेत. या कामास अर्धा तास पुरतो.

आपल्या उदाहरणातील शिक्षिकेचे पत्र हरवलेले नव्हते. ते आले त्या दिवशी जेथे ठेवले गेले तेथेच होते. त्याच्यापर्यंत नेणारी वाट तेवढी पुसली गेली होती, आणि त्या वाटेवर रोज चालणाऱ्यांनी वाट नाही म्हणजे गावच नाही असे मानले. यंत्र ‘सापडले नाही’ एवढेच सांगत असते. त्याचे ‘नाही’ असे भाषांतर माणूस करतो, आणि त्या भाषांतराची जबाबदारीही माणसाचीच असते.